खेळून खेळून पुढं काय?



मागच्या वेळी आम्ही शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, की पुढच्या वेळी कर्जाच्या व्याजावर बोला. ते बोलूच. पण आज मध्येच एक वेगळा विषय घेतोय. आज आम्ही तुम्हाला जर्मनीतल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. ती फुटबॉल खेळायची. बचत गटाच्या कार्यक्रमात फुटबॉल कुठून आला, असं वाटेल तुम्हाला. तर तो गटाच्या बैठकीतूनच आला.

झालं असं, की हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, नोंदवही मिटली आणि आता चहा घ्यायचा, एवढ्यात आमच्या एका ताईनं पिशवीतून एक कागद काढला. तिची मुलगी नववीत आहे. शाळेच्या फुटबॉल संघातून तिची निवड पुढच्या शिबिरासाठी झालीय. पंधरा दिवस बाहेर राहायचं, म्हणून पालकांचं संमतीपत्र मागितलंय. घरात नवरा म्हणतो, तुझं तू बघ. सासूबाई म्हणतात, पोरीचे पाय घरात राहू देत. ताईला स्वतःला मुलीला अडवायचं नाही. पण तिनं आम्हाला एकच विचारलं, "खेळून खेळून पुढं काय? तिशी आली की पाय थकणार. मग काय करायचं तिनं?"

आम्ही तिघी समन्वयक. योजनेचा फॉर्म विचारा, बँकेचा कागद विचारा, लगेच सांगू. या प्रश्नावर मात्र तिघी गप्प. चहा पिऊन घरी आलो, तरी प्रश्न डोक्यातून जाईना. मग फोनवर शोधायला लागलो. इंग्रजी वाचताना अडत होतं, पण वाचलं. मुलीच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितलं, की २०२२ साली सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप आपल्याच देशात झाला, जर्मनीच्या मुली गोव्यात आणि नवी मुंबईत खेळून गेल्या. तिथल्या बायकांचा खेळ बघा, म्हणाले. तो धागा धरून आम्ही जिच्यापर्यंत पोचलो, तिचं नाव बिर्गिट प्रिंझ.

आधी खेळाबद्दल थोडं. तुमच्यातल्या पुष्कळ जणी शाळेत कबड्डी खेळल्या असतील. कबड्डीत जशी चढाई करणारी असते, तशी फुटबॉलमध्ये फॉरवर्ड. एका बाजूला अकरा जणी, खेळ नव्वद मिनिटांचा. मागच्या जणी आपला गोल राखतात, मधल्या चेंडू पुढं आणतात, आणि फॉरवर्डनं समोरच्यांच्या गर्दीत घुसून तो जाळ्यात मारायचा. मारला तर टाळ्या तिला. नाही मारला तर शिव्याही तिलाच. राखीव खेळाडू मैदानाच्या कडेला बाकावर बसलेल्या असतात. हा बाक लक्षात ठेवा, तो पुढं येणार आहे.

बिर्गिटचा जन्म २५ ऑक्टोबर १९७७ चा, फ्रँकफुर्ट शहरातला. म्हणजे आज आपल्यातल्या ज्या पन्नाशीला टेकल्यात, त्यांच्या बरोबरीची. पण तिच्या जन्माच्या आधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय तिची गोष्ट कळायची नाही.

जर्मनी म्हणजे पुढारलेला देश, तिथं बायकांना सगळं मोकळं, असं आम्हाला वाटत होतं. तसं नव्हतं. १९५५ साली पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेनं बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. संघटनेतल्या कुठल्याही क्लबनं बायकांना मैदान द्यायचं नाही, पंच द्यायचे नाहीत. कारणं काय दिली? या खेळानं बाईचा नाजूकपणा जातो, शरीराला आणि मनाला इजा होते, आणि असं अंग दाखवणं शोभत नाही. ही कारणं आम्ही बैठकीत वाचून दाखवली, तेव्हा सगळ्या जणी एकमेकींकडं बघायला लागल्या. एक आजी म्हणाल्या, "हे तर आमच्या मारुतीच्या पारावर बसणाऱ्यांनी लिहिल्यासारखं वाटतंय."

बंदी पंधरा वर्षं टिकली. बायका खेळायच्या थांबल्या नाहीत, जागा मिळेल तिथं खेळत राहिल्या. शेवटी १९७० च्या ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, पण अटी घालून. सामना पुरुषांपेक्षा लहान. थंडीच्या दिवसांत खेळायचं नाही. बायकांच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना व्हायला १९८२ साल उजाडलं. बिर्गिट तेव्हा पाच वर्षांची होती.

आणि १९८९ ची गोष्ट तर आम्ही तीनदा वाचली, खरी आहे ना म्हणून. त्या वर्षी पश्चिम जर्मनीच्या बायका पहिल्यांदा युरोपच्या विजेत्या झाल्या. अंतिम सामन्यात नॉर्वेला ४-१ असं हरवलं, मैदानात वीसेक हजार माणसं. संघटनेनं बक्षीस काय दिलं? प्रत्येकीला कॉफीच्या कपबशांचा एक सेट. फुलापानांची नक्षी असलेला. बैठकीत हे सांगितलं आणि आमच्या एका मैत्रिणीनं लगेच म्हटलं, "म्हणजे जिंकून आलात ना, आता चहा ठेवा." हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. हसणं थांबल्यावर मात्र दोघी-तिघींनी आपापल्या घरात आलेल्या स्टीलच्या डब्यांची आणि साड्यांची आठवण काढली. ते असो.

त्या कपबशा मिळालेल्या संघात सिल्विया नाइड नावाची एक खेळाडू होती. हे नावही लक्षात ठेवा.

बिर्गिट राष्ट्रीय संघात आली ती १९९४ च्या जुलैमध्ये, सोळाव्या वर्षी. कॅनडाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली आणि सामना संपता संपता गोल मारून जिंकून दिला. पुढच्या वर्षी युरोपच्या अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध गोल. त्याच वर्षी वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात ती खेळली, वय सतरा. तो सामना जर्मनी नॉर्वेकडून हरली. त्या संघाची कप्तान होती तीच सिल्विया नाइड.

सतराव्या वर्षी आपल्याकडच्या किती मुलींच्या हातात काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही वेगळं सांगत नाही.

क्लबसाठी ती जवळजवळ सगळं आयुष्य फ्रँकफुर्टमध्येच खेळली. आधी एफएसव्ही फ्रँकफुर्ट, मग १९९८ पासून १. एफएफसी फ्रँकफुर्ट. मधे २००२ साली अमेरिकेत जाऊन कॅरोलायना करेज नावाच्या संघाकडून खेळली आणि तो संघ तिथला विजेता झाला. अमेरिकेतली ती बायकांची व्यावसायिक लीग मात्र पुढच्याच वर्षी पैशाअभावी बंद पडली. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. त्या काळी बायकांच्या फुटबॉलमध्ये नाव भरपूर, पण त्या नावावर जन्मभराची भाकरी नव्हती. पुरुष फुटबॉलपटू एका मोसमात जेवढं कमवत, तेवढ्यात त्याच्या नातवंडांचीही सोय होई. बायका मात्र सकाळी नोकरी किंवा कॉलेज आणि संध्याकाळी सराव, असं करत. बिर्गिटनंही खेळत असतानाच फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं. म्हणजे दुखावलेले स्नायू, आखडलेले सांधे व्यायामानं आणि हातानं मोकळे करायचं काम. ते झाल्यावर फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला लागली. जगातली सगळ्यात मोठी खेळाडू म्हणून नाव गाजत होतं तेव्हा ही बाई परीक्षेचा अभ्यास करत होती.

आणि नाव किती गाजत होतं, तेही सांगतो.

२००३ चा वर्ल्ड कप अमेरिकेत झाला. बिर्गिटनं सात गोल मारले, स्पर्धेत सगळ्यात जास्त. उपांत्य सामन्यात जर्मनीनं अमेरिकेला अमेरिकेतच ३-० नं हरवलं, शेवटचा गोल तिचा. अंतिम सामना स्वीडनशी. नव्वद मिनिटांत १-१ अशी बरोबरी. तेव्हा नियम असा, की जादा वेळेत जो पहिला गोल मारेल तो तिथंच जिंकला. तो गोल मारला निया क्युन्झरनं. गंमत अशी, की ती सामना संपत आल्यावर बाकावरून उठून मैदानात आली होती. अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला तिनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला आणि जर्मनीच्या बायका पहिल्यांदा जगज्जेत्या झाल्या. बिर्गिटला स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं, २००३, २००४ आणि २००५, जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू तीच.

त्याच २००३ च्या अखेरीस एक भलतीच गोष्ट घडली. इटलीतल्या पेरुजा या पुरुषांच्या क्लबच्या मालकानं तिला आमच्या संघात खेळायला ये म्हणून बोलावणं पाठवलं. इटलीतली पुरुषांची सगळ्यात वरची लीग! बाईनं पुरुषांच्या संघात खेळायचं, जगभर बातम्या, आणि पैसाही. बिर्गिटनं विचार केला आणि नाही म्हणाली. तिला शंका होती, की आपल्याला खेळायला मिळणार नाही, जाहिरातीपुरतं नेतील आणि बाकावर बसवून ठेवतील.

यावर आमच्यात वाद झाला. आमच्यातली एक म्हणत होती, जायला हवं होतं, एकदा तरी त्यांना दाखवायला हवं होतं. बाकी दोघींना वाटलं, बरं केलं. ग्रामसभेत बाईला खुर्ची देतात, फोटोत पुढं उभं करतात आणि ठराव लिहिताना विचारत नाहीत, हे आपण बघतोच की. मान वेगळा आणि काम वेगळं. तिला काम हवं होतं. तुमचं मत काय असेल ते आम्हाला कळवा, आमचा वाद अजून मिटलेला नाही.

२००७ चा वर्ल्ड कप चीनमध्ये. पहिल्याच सामन्यात जर्मनीनं अर्जेंटिनाला ११-० हरवलं. त्यात तीन गोल बिर्गिटचे. अख्ख्या स्पर्धेत जर्मनीच्या जाळ्यात एकही गोल गेला नाही. अंतिम सामना ३० सप्टेंबरला शांघायमध्ये, ब्राझीलशी. ब्राझीलकडे मार्ता नावाची विजेसारखी पोरगी. हा सामना आम्ही बैठकीनंतर समाजमंदिरात फोनवर बघितला. सगळा नाही, महत्त्वाचा भाग. एका फोनभोवती अठरा बायका! बिर्गिट उंच, सहा फुटाला जेमतेम दीड इंच कमी, खांदे रुंद. आमच्या एकीनं बघताक्षणी म्हटलं, "ही तर माझ्या माहेरच्या आत्यासारखी दिसते, पोतं उचलताना." दुसऱ्या डावात बिर्गिटनं पहिला गोल मारला. मग ब्राझीलला पेनल्टी मिळाली, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक आणि मारणारी मार्ता. जर्मनीची गोलरक्षक नादिन आंगेररनं तो चेंडू अडवला, तेव्हा समाजमंदिरात जो ओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या घरातले भाऊ काय झालं म्हणून बघायला आले. शेवटी २-०. सलग दुसरा वर्ल्ड कप. त्याआधी कुठल्याच देशाच्या बायकांना सलग दोनदा जमलं नव्हतं.

बाकीचं झटकन सांगतो. पाच वेळा युरोपचं विजेतेपद. ऑलिंपिकची तीन कांस्यपदकं. क्लबकडून खेळताना जर्मनीची आणि युरोपची कितीतरी जेतेपदं. देशासाठी २१४ सामने आणि १२८ गोल. हा आकडा केवढा मोठा? जर्मनीच्या पुरुष संघात आजवर सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याचे ७१ आहेत. वर्ल्ड कपमध्ये तिचे एकूण १४ गोल. तो विक्रम पुढं २०१५ साली त्या मार्तानंच मोडला.

इथवर ऐकून आमची ती मुलीची आई म्हणाली, "हे सगळं चांगलंय. पण मी विचारलं होतं, पुढं काय?"

बरोबर. तर आता २०११.

त्या वर्षी वर्ल्ड कप जर्मनीतच भरला. आपल्या घरी, आपल्या माणसांसमोर. रस्त्यारस्त्यावर या संघाच्या जाहिराती. ज्या देशानं कधीकाळी बायकांना मैदान नाकारलं होतं, तिथं बर्लिनला पहिल्या सामन्याला सत्तर हजारांवर माणसं. बिर्गिट तेहतीस वर्षांची, संघाची कप्तान. दोनच वर्षांपूर्वी युरोपच्या अंतिम सामन्यात तिनं दोन गोल मारले होते, म्हणजे ती काही केव्हाची संपलेली नव्हती. आणि प्रशिक्षक कोण? सिल्विया नाइड. बिर्गिट सतराची असताना जी तिची कप्तान होती, तीच.

पहिला सामना कॅनडाशी. जर्मनी जिंकली, पण बिर्गिटचा पाय चालत नव्हता. दुसऱ्या डावात तिला बाहेर बोलावलं, तिच्या जागी वीस वर्षांची मुलगी आत गेली. दुसरा सामना नायजेरियाशी, तोही फ्रँकफुर्टमध्ये, तिच्या स्वतःच्या गावात. पुन्हा दुसरा डाव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तिचा नंबर लिहिलेली पाटी वर झाली. बाहेर येतानाचा तिचा चेहरा आम्ही फोनवर थांबवून बघितला. आम्ही त्याचं वर्णन करणार नाही. तुमच्यापैकी ज्यांना कोणी भर कार्यक्रमात बाजूला हो म्हटलंय, त्यांना तो चेहरा माहीत आहे.

तिसऱ्या सामन्यात ती खेळलीच नाही. तिच्या जागी खेळलेल्या इन्का ग्रिंग्सनं दोन गोल मारले. आता प्रशिक्षकाचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? वर्तमानपत्रात रोज तिच्यावर लिहून येत होतं, संपली म्हणून. बिर्गिटनं प्रशिक्षकाचा निर्णय सगळ्यांसमोर मान्य केला. भांडली नाही, संघ सोडून गेली नाही. सरावाला येत राहिली.

मग ९ जुलैला जपानशी सामना. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळ सुरू. जर्मनीचे चेंडू जाळ्यापर्यंत जात होते आणि परत येत होते. वर्ल्ड कपमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारी बाई कडेला बाकावर बसलेली होती. प्रशिक्षकानं तिघींना बदललं, त्या तिघींत ती नव्हती. एकशे आठव्या मिनिटाला जपाननं गोल मारला आणि जर्मनी घरच्या मैदानावर बाहेर पडली. १९९९ नंतरचा त्यांचा वर्ल्ड कपमधला पहिला पराभव. जपान पुढं जाऊन जगज्जेती झाली. पुढच्या महिन्यात बिर्गिटनं खेळातून निवृत्ती जाहीर केली.

एवढं सांगून आम्ही थांबलो, तेव्हा आमच्या गटाच्या जुन्या सचिव ताई, ज्या मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "ती बाकावर बसली होती, तेव्हा तिच्याशी कुणी बोललं का?"

मैत्रिणींनो, या प्रश्नानं आम्हाला गप्प केलं, आणि का केलं, ते आज रेडिओवर सांगून टाकतो. या ताईंनी अकरा वर्षं गटाची नोंदवही लिहिली. एका पैशाची चूक नाही. मग हिशेब मोबाइलवर भरायचा आला. त्यांना ते जमेना, डोळ्यांचाही त्रास होता. दोन महिने नोंदी मागं राहिल्या, वरून विचारणा झाली, आणि आम्ही भर बैठकीत सांगितलं, की आता ही जबाबदारी दुसऱ्या ताईंना देऊ. टाळ्या वाजवल्या. नारळ दिला. त्यांच्या घरी जाऊन आधी बोलावं, हे आमच्या तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही. त्यानंतर ताई तीन बैठकांना आल्या नाहीत, हप्ता नातवाच्या हातून पाठवला. आम्ही समजलो, तब्येत बरी नसेल. म्हणजे खरं सांगायचं तर तसं समजून घेणं आम्हाला सोयीचं होतं. निर्णय चुकीचा नव्हता, नोंदी वेळेवर व्हायलाच हव्या होत्या. पण निर्णय बरोबर आहे म्हणून माणसाला दुखत नाही, असं थोडंच असतं?

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवसांत बिर्गिटशी कोण काय बोललं, हे आम्ही सांगू शकत नाही. ती पुढं काय करायला लागली, ते सांगू शकतो.

वर्ल्ड कपच्या आधीच तिचा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण झाला होता. खेळ सुटला तेव्हा हातात दोन कामं होती, फिजिओथेरपी आणि हे. तिनं हे निवडलं. जर्मनीतल्या होफेनहाइम या क्लबमध्ये ती खेळाडूंची मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली.

आता मानसशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याकडं लगेच वेड्यांचा डॉक्टर. तसं नाही. शरीराच्या दुखण्याला जसा फिजिओ, तसं मनावर येणाऱ्या ताणाला हे माणूस. सामन्याच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, पेनल्टी मारताना पाय कापतात, एकदा चूक झाली की तीच डोळ्यांपुढं नाचत राहते, गुडघा मोडून सहा महिने घरी बसावं लागलं, संघात नाव आलं नाही, या सगळ्यात खेळाडूशी बोलायचं. सल्ला कमी द्यायचा, ऐकायचं जास्त. भीती वाटली तर श्वासाकडं लक्ष कसं द्यायचं, चुकीनंतर पुढच्याच चेंडूवर मन कसं आणायचं, हे शिकवायचं, आणि तेही रोजच्या सरावासारखं, एकदा सांगून सोडून द्यायचं नाही. खेळाडू जे सांगेल ते प्रशिक्षकाच्या कानावर घालायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. नाहीतर कोण बोलेल? आपल्या गटातही एकीचं दुसरीला सांगितलं की तिसरी बोलायची बंद होते.

बाकावरच्यांचा प्रश्नही त्यातच आला. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपच्या संघात तेवीस जणी होत्या आणि खेळतात अकरा. म्हणजे कुठल्याही सामन्यात निम्म्याहून जास्त जणी सुरुवातीला कडेला बसलेल्या. तिथं बसणं म्हणजे काय, हे बिर्गिट कुठल्या पुस्तकातून शिकलेली नाही.

२०१९ साली ती पुन्हा जर्मनीच्या राष्ट्रीय महिला संघात आली, या वेळी संघाची मानसशास्त्रज्ञ म्हणून. संघाची प्रशिक्षक तेव्हा मार्टिना फॉस-टेक्लेनबुर्ग होती, ती बिर्गिटची जुनी जोडीदार, १९९५ च्या संघातली. आणि १९८९ च्या कपबशांवाल्या संघातलीसुद्धा. त्या घरातला तो सेट अजून असेल का, असं आमच्या बायका विचारत होत्या.

त्या मुलीच्या आईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिच्या हातात दोन कामं होती, ती शिकली म्हणून. माझ्या पोरीनं शिबिराच्या नादात दहावी सोडली तर?" म्हणजे प्रश्न संपला नाही, थोडा पुढं सरकला एवढंच. मग आम्ही कागदावर लिहून काढलं, की शाळेत जाऊन काय काय विचारायचं. शिबिराला सोबत बाई शिक्षक आहेत का. राहायची, संडास-बाथरूमची सोय कशी आहे. बुडालेला अभ्यास कोण भरून काढणार. दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, विमा आहे का. पुढं खेळायचं ठरलं तर क्रीडा वसतिगृहात शाळा चालू राहते का. पालक म्हणून हे विचारायचा आपला हक्क आहे. बंदी घालणं आणि चौकशी करणं यात फरक आहे, हे आम्ही त्यांच्या सासूबाईंनाही जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, की त्या जर्मन बाईची आई होती का सामना बघायला? आम्हाला हसू आलं, पण प्रश्न वाईट नव्हता.

आणि जुन्या सचिव ताईंच्या घरी आम्ही गेलो. तिघीही गेलो. उशीर झाला होता, तरी गेलो. काय बोलणं झालं ते रेडिओवर सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय, म्हणून सांगत नाही. चहा मात्र कपबशीतून दिला, आणि कपबशा पुढं ठेवताना ताई स्वतःच हसल्या, तेव्हा आम्हालाही हसता आलं.

संमतीपत्र द्यायची मुदत पुढच्या शनिवारी संपते. ताई गुरुवारी शाळेत जाणार आहे, आमच्यातली एक सोबत जाईल. काय ठरलं ते पुढच्या कार्यक्रमात सांगू, आणि व्याजाचा विषयही तेव्हाच घेऊ.